उजव्या कानातला ड्रमर

मी जॅझ ऐकायला लागलो ते आवडीने नाही, गोंगाटाला कंटाळून. २०२२मध्ये आमच्या कंपनीने सगळ्यांना परत ऑफिसात बोलावलं आणि आमच्या टीमला जागा मिळाली ती सेल्सवाल्यांच्या शेजारी. ती माणसं फोनवर बोलतात की स्टेजवर, तेच कळत नाही. कोड वाचताना कानात शब्द असलेलं काही मला चालत नाही. हिंदी गाणं लावलं की मी गुणगुणायला लागतो आणि ज्या फंक्शनच्या पोटात शिरलेलो असतो त्याच्या दारात परत येऊन पडतो. पावसाचा आवाज लावून बघितला, तर दर अर्ध्या तासाला बाथरूमला जावंसं वाटायचं. शास्त्रीय लावायची हिंमत नव्हती. मी मिरजेचा. सतारी बनवणाऱ्यांचं गाव, अब्दुल करीम खाँसाहेबांचं गाव. पुण्यात कुणाला मिरज सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो.

"मग घरात संगीत असेल ना?"

"हो, वडील वाजवतात."

"काय वाजवतात?"

"क्लॅरिनेट."

"वा!"

एवढ्यावर बोलणं संपावं म्हणून मी चहाचा कप तोंडाला लावायचो. त्या 'वा'बद्दल पुढे बोलतो.

तर एका दुपारी ॲपने आपल्या मनाने पुढचं काहीतरी लावलं. पियानो आणि बेस अंधारात चाचपडल्यासारखे पुटपुटत होते. मग बेसने, म्हणजे त्या माणसाएवढ्या उंच लाकडी बेसने, एक वाक्य म्हटलं आणि बाकीच्यांनी दोन स्वरांत त्याला हुंकार दिला. पुन्हा वाक्य, पुन्हा हुंकार. पोवाड्यात शाहिराच्या मागे झीलकरी 'जी जी' करतात ना, अगदी तसं. मी स्क्रीनवरून नजर काढली. माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू', १९५९. जॅझ ऐकणाऱ्यांतले निम्मे लोक याच दरवाजातून आत येतात हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला वाटलं मीच शोधला.

दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून ऐकला. पाच तुकडे, पाऊण तास. दुसरा तुकडा सुरू झाला आणि काहीतरी बदलल्यासारखं वाटलं. पियानो आधी धुक्यासारखा होता, तो अचानक पायाने ठेका धरणारा, चहाच्या टपरीवर उभा राहून बोलणारा झाला. मला वाटलं मूड बदलला असेल. माहिती काढली तर माणूसच बदलला होता. बाकी अल्बमभर पियानोवर बिल एव्हान्स आहे आणि या एकाच तुकड्यावर विंटन केली. मला संगीतातलं ओ की ठो कळत नसताना कानाने हे ओळखलं, याचा जो आनंद झाला तो पगारवाढीला झाला नव्हता. (पगारवाढही तशीच होती म्हणा.)

त्याच रात्री अजून एक गोष्ट वाचली, ती आमच्या धंद्यातल्या कुणालाही आवडेल. या अल्बमचं रेकॉर्डिंग न्यूयॉर्कमध्ये दोन दिवसांत झालं, २ मार्च आणि २२ एप्रिल १९५९. पहिल्या दिवशी टेपचं मशीन जरासं हळू चालत होतं. त्यामुळे ती टेप नेहमीच्या वेगाने वाजवली की त्या दिवसाचे तिन्ही तुकडे मूळ स्वरापेक्षा किंचित चढे यायचे. तसेच ते छापले गेले, विकले गेले, जगभर गाजले. रेकॉर्डबरोबर वाजवून शिकणाऱ्या पोरांचं वाद्य सुरात बसायचं नाही आणि ती बिचारी स्वतःला दोष द्यायची. तीस वर्षांहून जास्त काळ हा बग प्रॉडक्शनमध्ये होता. १९९०च्या दशकात कधीतरी तो दुरुस्त झाला. आमच्याकडे एक बटन तीन पिक्सेल सरकलं तर रात्री दोनला फोन येतो.

केली कोण, याने मला सवय लागली. अल्बमच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, कोण काय वाजवतंय. ॲपवर तेही नीट दिसत नाही, शोधावं लागतं. मी एक नियम केला. आठवड्याला एक अल्बम. पुढे ढकलायचं नाही, मध्ये सोडायचं नाही. मग त्यातलं एक बारीक अक्षरातलं नाव उचलायचं आणि तो माणूस दुसऱ्या कुणाबरोबर कुठे वाजवतोय तिकडे जायचं. ज्याचं नाव मोठ्या अक्षरात आहे, तो उचलायचा नाही. आपल्याकडे ग्राफ शिकवताना नोड आणि एज म्हणतात ना, तेच. बेसवाला पॉल चेंबर्स उचलला आणि 'ब्लू ट्रेन'ला पोचलो, मग सनी क्लार्कच्या 'कूल स्ट्रटिन'ला. ॲपला हे जमत नाही. ॲपला वाटतं मला 'तसंच अजून' हवंय. मला तसंच नको असतं, तोच माणूस दुसऱ्या घरात कसा वागतो ते बघायचं असतं. माझी एक शीट आहे. अल्बम, तारीख, कुठल्या नावावरून आलो, पुढे कुठे जायचं. आज त्यात एकशे चाळीसच्या वर ओळी आहेत आणि तिच्यावर मी ऑफिसच्या कुठल्याही डॉक्युमेंटपेक्षा जास्त जीव लावलाय.

सगळेच अल्बम आवडले असं सांगत नाही. काही नुसतेच हॉटेलच्या लिफ्टमध्ये उभं असल्यासारखे वाटले. काही फार थोर आहेत म्हणतात, ते मला तीनदा ऐकूनही उघडले नाहीत.

पण बिल एव्हान्सच्या नावावरून 'संडे ॲट द व्हिलेज व्हॅनगार्ड'ला गेलो आणि तिथे बरेच दिवस राहिलो. व्हिलेज व्हॅनगार्ड हे न्यूयॉर्कमधलं तळघर. १९३५पासून आहे, अजून चालू आहे. २५ जून १९६१चा रविवार. पियानोवर एव्हान्स, ड्रमवर पॉल मोशियन, बेसवर स्कॉट लफारो, वय वर्षं २५. लफारोचा बेस मागे उभा राहून खांब धरत नाही. तो पियानोच्या बोलण्यात बोलतो, त्याचं वाक्य तोडतो, पूर्ण करतो. दोन मित्र गच्चीवर बोलतायत आणि तिसरा ब्रशने अंगण झाडतोय, असं काहीतरी. आणि या सगळ्यामागे काचेचे ग्लास वाजतात. लोक बोलतात. एखादी बाई हसते. अकरा दिवसांनी, ६ जुलैला, लफारो गाडीच्या अपघातात गेला. हे कळल्यावर मी तो अल्बम पुन्हा लावला आणि त्या हसणाऱ्या बाईचा मला राग आला. काय बोलत असतील एवढं? समोर काय चाललंय कळत नाही का? हा राग आठवणीत ठेवा, त्याचा निकाल मिरजेत लागला.

लफारोचं नाव उचललं आणि जिथे जाऊन आदळलो ते म्हणजे ऑर्नेट कोलमनचा 'फ्री जॅझ'. डिसेंबर १९६०. दोन चौकड्या एकाच वेळी वाजवतात, एक डाव्या स्पीकरमधून, एक उजव्या. सदतीस मिनिटं, मध्ये थांबा नाही. पहिल्यांदा ऐकला तेव्हा बावधनच्या सिग्नलला उभा आहे असं वाटलं. पण नियम म्हणजे नियम. तिसऱ्या दिवशी मी डावा इयरफोन काढून ठेवला आणि फक्त उजवा कान ऐकला. उजव्या कानात ड्रमवर एक माणूस होता. बाकीचे काहीही करोत, हा चालत होता. म्हणजे शब्दशः चालत होता, रस्त्याने. त्याच्या हातात मला ओळखीचं काहीतरी ऐकू येत होतं आणि ते काय आहे ते सापडत नव्हतं. एखाद्या माणसाचा चेहरा ओळखीचा वाटतो आणि नाव आठवत नाही, तसं.

एड ब्लॅकवेल. पुढच्या आठवड्यात त्याचा आणि डॉन चेरीचा 'मू' ऐकला, १९६९चा, पॅरिसमधला. दोनच माणसं. एक ट्रम्पेट, बासरी, पियानो, गळा, जे हाती येईल ते वाजवतो आणि दुसरा ड्रमवर त्याच्याशी गप्पा मारतो. इथे ब्लॅकवेल उघडा ऐकू येतो आणि ते ओळखीचं वाटणं जास्तच छळायला लागलं. मग त्याच्याबद्दल वाचलं. जन्म १९२९, न्यू ऑर्लिन्स. लहानपणापासून कानावर पडलेलं संगीत म्हणजे रस्त्यावरून मिरवणुकीत जाणारे ब्रास बँड.

मी तेव्हा हिंजवडीच्या बसमध्ये होतो. वाकडच्या पुलावर मला हसू यायला लागलं.

आता ते 'वा'. माझे वडील क्लॅरिनेट वाजवतात हे खरं आहे, वाजवायचे म्हणू. पण ते लग्नाच्या बँडमध्ये. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, डोक्यावर टोपी. दोन क्लॅरिनेट, दोन ट्रम्पेट, एक सॅक्सोफोन, दोन युफोनियम, साइड ड्रम, मोठा ढोल, झांज आणि खुळखुळे. अकरा माणसं, शिवाय बत्त्या धरणारी पोरं आणि मागे जनरेटरचा गाडा. आमच्याकडे वाजवणं पिढीजात. आजोबा सनई वाजवायचे, मांडवाच्या बाहेर बसून, आणि जेवायचे शेवटच्या पंगतीला, तेही बाहेरच. पुण्यात 'वडील वाजवतात'ला 'वा' मिळतो. गावात 'वाजवणाऱ्याचं पोरगं' म्हणतात आणि ते म्हणताना आवाज जरा खाली जातो. मी खोटं काही बोलत नव्हतो. फक्त मिरज हा शब्द आधी आणि क्लॅरिनेट नंतर, एवढ्या क्रमावर निभावून नेत होतो.

तिसरीची सुट्टी लागल्यापासून मीही जायचो. खुळखुळे वाजवायला. सीझन संपला की पप्पा मला हिशोबाने पैसे द्यायचे, बाकीच्यांना देतात तसे, वहीत सही घेऊन. सहावीत वर्गातल्या एकाने मला टोपीत बघितलं आणि मी जायचं बंद केलं. पप्पांनी का म्हणून विचारलं नाही.

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, २०१८च्या फेब्रुवारीत, सांगलीला एका मित्राच्या बहिणीचं लग्न होतं. आम्ही सगळे एकसारखे कुर्ते घालून वरातीत नाचायला गेलो. बँड आला, तो पप्पांचा होता. पप्पांनी मला बघितलं. त्यांनी बत्तीवाल्या पोराला खुणेने जरा पुढे सरकवलं, म्हणजे उजेड त्यांच्यावरून हलला. माझ्यावरूनही. मग मित्राने नेहमीप्रमाणे 'नागीण लावा' म्हणून ओरडून दहाची नोट काढली, ती माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "दे रे, तू उंच आहेस, ओवाळून दे." मी ओवाळली. पप्पांनी डावा हात वाद्यावर तसाच ठेवून उजव्या हाताच्या दोन बोटांत ती धरली, कपाळाला लावली आणि खिशात घातली. त्या क्षणापुरता स्वर डाव्या हाताच्या बोटांवरच तोलून धरलेला होता, सुटला नाही. घरी आम्ही यावर कधीच बोललो नाही.

मग २०२०. बँडला आधीच डीजेने खाल्लं होतं, उरलेलं लॉकडाऊनने. लग्नाला पन्नास माणसं, त्यात बँडवाले अकरा कुठून धरणार? त्याच सुमारास पप्पांचे पुढचे वरचे दात गेले. क्लॅरिनेटला वरचे दात लागतात, तोंडातला तुकडा त्यांच्यावर टेकवायचा असतो. कवळी बसवली, पण ते म्हणतात स्वर कवळीत अडकतो. आता ते एका ओळखीच्यांच्या वाद्यांच्या दुकानात बसतात.

न्यू ऑर्लिन्सच्या बँडबद्दल मी अधाशासारखं वाचत सुटलो. तिथे एकोणिसाव्या शतकापासून गरीब काळ्या वस्त्यांमध्ये मंडळं असायची. वर्गणी काढायची आणि सभासद आजारी पडला तर औषधपाणी, मेला तर अंत्ययात्रा मंडळाने करायची. अंत्ययात्रेला बँड. दफनभूमीकडे जाताना संथ, रडवेलं. माती दिल्यावर परत फिरले की नाचरं आणि मागून अख्खी गल्ली. आज जगभर ड्रमसेट म्हणून जे दिसतं तेही या रस्त्यावरच्या माणसांचंच खुर्चीवर बसवलेलं रूप. मोठा ढोल एकाकडे, साइड ड्रम दुसऱ्याकडे, झांज तिसऱ्याकडे. पायाने ढोल वाजवायचं पेडल चांगलं निघालं आणि तिघांचं काम एकाला लागलं. कॉस्ट कटिंग तेव्हाही होतं.

आणि आपल्याकडचा धागा तर मला घरातच सापडायला हवा होता. गोव्याचा अंतोनियो झेवियर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, मुंबईत ताजमध्ये जॅझ वाजवायचा. लोक त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. तोच आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांचा सहायक होता आणि १९५१च्या 'अलबेला'मध्ये आपल्या बँडसकट पडद्यावर दिसतो. 'अलबेला'ची गाणी ही पप्पांच्या बँडची हुकमी. नवरदेव घोड्यावर बसला की पहिलं तेच. म्हणजे घरात पस्तीस वर्षं जॅझचा एक काका येऊन-जाऊन होता आणि मी त्याला पुण्यात हेडफोन घेऊन शोधत होतो.

अजून एक तारीख मला चिकटून राहिली. 'काइंड ऑफ ब्लू' बाजारात आला १७ ऑगस्ट १९५९ला. आठ दिवसांनी, २५ ऑगस्टला, माइल्स डेव्हिस न्यूयॉर्कच्या बर्डलँड क्लबबाहेर मध्यंतरात फुटपाथवर उभा होता. पोलिसाने त्याला हटकलं. त्याने दारावरच्या बोर्डाकडे बोट दाखवलं, तिथे त्याचंच नाव लावलं होतं. थोड्याच वेळात त्याचं डोकं फुटलेलं होतं आणि सूट रक्ताने भरला होता. नाव मोठ्या अक्षरात असून उपयोग झाला नाही. आजोबा मांडवाबाहेर बसून जेवायचे ते मला त्या रात्री पहिल्यांदा नीट दिसलं.

गेल्या मे महिन्यात मिरजेला गेलो तेव्हा छोटा स्पीकर बरोबर नेला. दुपारी लाईट गेलेली, पप्पा पुठ्ठ्याने वारा घेत बसलेले. मी म्हटलं, "पप्पा, एक ऐकवतो."

'काइंड ऑफ ब्लू' लावला. दहा मिनिटांनी म्हणाले, "बरं हाय. झोप येती." सॅक्सोफोनवर कोल्ट्रेन आला तेव्हा एक डोळा उघडून म्हणाले, "ह्याचा दम चांगला हाय."

व्हॅनगार्ड लावला. लगेच म्हणाले, "पंगत चाललीय वाटतं." मी म्हटलं, हो, बघा ना, एवढं भारी वाजवतायत आणि लोक खुशाल बोलतायत. त्यांना माझं म्हणणंच कळलं नाही. म्हणाले, "लोक बोलणारच की. बोलालेत म्हंजे अजून उठून गेल्याली न्हाईत." माझ्या दोन वर्षांच्या रागाचा निकाल एवढ्यात लागला. त्या बाईला मी माफ केलं.

'फ्री जॅझ'ची चार मिनिटं झाली आणि त्यांनी विचारलं, "वाद्यं जुळवालेत अजून?" मी हसलो आणि तो बंद केला. नंतर कधीतरी, नियम म्हणजे नियम.

मग युरेका ब्रास बँड लावला. न्यू ऑर्लिन्सचा, १९२०मध्ये सुरू झालेला बँड. हे रेकॉर्डिंग १९५१चं, दोन तरुण जॅझवेड्यांनी करून घेतलेलं. मी नाव सांगितलं नाही, देश सांगितला नाही, काहीच सांगितलं नाही. पहिल्या काही सेकंदांतच पुठ्ठा थांबला. पप्पा मान खाली घालून ऐकत राहिले. रेकॉर्डिंग खरखरीत आहे, ट्रम्पेट जरा इकडेतिकडे होतात, सगळे एका सुरात आहेत असं शपथेवर सांगता येणार नाही.

"ह्यात बारका क्लॅरिनेट हाय," ते म्हणाले. "आमच्यापेक्षा बारका. रस्त्यावर त्योच वर ऐकू येतो, बाकीच्यांना फाडून."

बरोबर होतं. जॉर्ज लुईस, ई-फ्लॅट क्लॅरिनेट. मी ते वाचलं होतं, ऐकलं नव्हतं.

मग थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "कोण गेलंय?"

"म्हणजे?"

"मयताचं वाजवालेत की. साइड ड्रमच्या तारा ढिल्या केल्यात बघ. आवाज बसका येतोय. लग्नात असलं कोण वाजवंल?"

मी तो अल्बम तोवर सात-आठ वेळा ऐकला होता. दफनभूमीकडे जाताना साइड ड्रमचा आवाज दाबतात हे वाचलंही होतं. पण कानाने ते मला कधीच सापडलं नव्हतं. मग मी सांगितलं, अमेरिका, न्यू ऑर्लिन्स, मंडळं, वर्गणी, जाताना संथ, येताना नाचरं. पप्पांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांनीही एकदा वाजवलं होतं म्हणाले, एका म्हाताऱ्या पैलवानाच्या मयताला. घरच्यांनी बोलावणं पाठवलं, पण काय वाजवायचं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मग एक भजन धरलं आणि त्याचा ठेका निम्म्यावर आणला. एवढं हळू चालत वाजवायचं म्हणजे पाय कुठे टाकायचा तेच कळत नव्हतं.

"आणि येताना?"

"येताना काय. टेम्पोतनं आलो."

मी विषय काढायचा म्हणून काढला. "पप्पा, ते सांगलीचं लग्न आठवतंय? दोन हजार अठरातलं?"

"कुठलं? लई लग्नं वाजवली सांगलीला," असं म्हणून त्यांनी पुठ्ठा पुन्हा हलवायला घेतला. त्यांना आठवत होतं. मला कळलं, आणि मला कळलंय हे त्यांनाही कळलं असावं. पुढे मी रेटलं नाही.

थोड्या वेळाने त्यांनीच विचारलं, "ह्यांची नावं लिवल्यात काय कुठं? सगळ्यांची?" मी मोबाइलवर काढून वाचून दाखवली. ट्रम्पेटवर पर्सी हम्फ्री, ट्रॉम्बोनवर सनी हेन्री, टेनर सॅक्सोफोनवर इमॅन्युएल पॉल. साइड ड्रमवर आर्थर ओगल. तिथे त्यांनी थांबवलं. "काय म्हणलास? ड्रमवाल्याचं बी हाय?"

त्या संध्याकाळी आम्ही मोबाइलच्या नोट्समध्ये एक यादी केली. क्लॅरिनेट, दोन नावं. ट्रम्पेट, दोन. सॅक्सोफोन, एक. अल्बमच्या मागे असते तशीच. नावं इथे देत नाही, त्यांना कुणाला विचारलेलं नाही. दोघं आता नाहीतही. एकजण रिक्षा चालवतो, एकाची सोलापूर रोडला पंक्चरची टपरी आहे. झांजवाला आणि एक युफोनियमवाला यांची पप्पांना फक्त टोपणनावं आठवली. पंचवीस वर्षं एकत्र वाजवून खरं नाव माहीत नाही, याचं त्यांना फार वाईट वाटलं. वही काढून बघितली तर तिथेही टोपणनावानेच सह्या.

पुण्याला परत आल्यावर मी त्यांना दर रविवारी एक अल्बम पाठवतो. क्लॅरिनेटवाले असतील असे शोधून. सिडनी बेशे आवडला, "तोंडात साखर हाय." एरिक डॉल्फीचा 'आउट टू लंच' पाठवला, त्यात तो बास क्लॅरिनेटही वाजवतो. त्यावर दोन दिवस उत्तर आलं नाही आणि मग व्हॉइस नोट आली, "एवढा मोठा क्लॅरिनेट असतो व्हय?" संगीताबद्दल काही नाही. ऑफिसात मी अजून काही जाहीर केलेलं नाही. पण परवा कुणीतरी तोच प्रश्न विचारला तेव्हा मी "लग्नाच्या बँडमध्ये" एवढे शब्द पुढे जोडले. समोरच्याचा 'वा' आला, जरा उशिरा आला.

गेल्या आठवड्यात माझी ऑन-कॉल ड्यूटी होती. रात्री अकराला फोन वाजला, मला वाटलं सर्व्हर पडला. पप्पा होते.

"झांजवाल्याचं नाव घावलं. पंक्चरवाल्याकडं जाऊन इचारलं. लिहून घे."

मी लॅपटॉप बाजूला ठेवून नोट्स उघडल्या. त्यांनी नाव सांगितलं, वडिलांचं नाव, आडनाव. दोनदा सांगितलं. मी टाइप करून वाचून दाखवलं.

"आता युफोनियमवाला तेवढा ऱ्हायला," ते म्हणाले. मग जरा थांबून, "खुळखुळ्याला कुणाचं लिवलंयस?"

ती जागा मी रिकामीच ठेवली होती. तिथे बरीच पोरं येऊन गेली, म्हणून.

"तुझं लिव की. दोन सीझन व्हतास."

"तीन," मी म्हटलं.